फोटोखालची ओळ आधी झाका!

वर्गात जुना फोटो दाखवला की पोरं दोन मिनिटांत 'झालं बघून' म्हणतात, अशी शिक्षकांची तक्रार असते. माझंही तेच व्हायचं. मग आठवीच्या वर्गात आनंदीबाई जोशींचा तो फिलाडेल्फियातला १८८५ चा फोटो, तिघी वैद्यकीय विद्यार्थिनींचा, खालची नावं कागदाने झाकून नेला. नियम एकच, आधी फक्त दिसतंय ते सांगायचं, वाटतंय ते नंतर. 'राणी आहे' म्हटलं की मी विचारायचो, कुठे दिसलं? मग साडी, किमोनो, डोक्यावरचे दागिने असं एकेक निघत गेलं आणि एक पोरगी म्हणाली, सर, अमेरिकेत कॉलेजला रोज असं नटून जात असतील का? मी गप्पच बसलो, कारण खरा प्रश्न तोच ना, की हा पोशाख कोणाला दाखवायला!

कागद काढल्यावर तर अजून मजा. तिघींच्या नावामागे 'डॉ.' आहे, पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, आणि फोटोतल्या बाकी दोघी, केई ओकामी (जपान) अन् सीरियातल्या दमास्कसच्या इस्लामबुली, तर त्याहून नंतर पास झाल्या. मग ही ओळ लिहिली कधी? पूर्ण तास त्यातच गेला, पोर्शन राहिला तो राहिलाच.