मदत हवी आहे : पक्षाघातानंतर डाव्या अंगाची आग

आईला (वय ६४) सात महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजव्या थॅलॅमसमध्ये (मेंदूचा स्पर्श-वेदनेचे संदेश पुढे पाठवणारा भाग). हातात ताकद आली, पण दोन महिन्यांनी डावं अंग पेटल्यासारखं दुखू लागलं. गार पाण्याचा थेंब पडला तरी चटका बसल्यागत कळवळते, पदर खांद्यावर टेकू देत नाही. बघवत नाही हो.

न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, दुखणं मेंदूतून येतंय. पॅरासिटामॉल, मलम यांचा उपयोग नाही. शेक देत नाही, भाजलेलं तिला कळणार नाही. साखर, बी-१२ नॉर्मल. प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याचं औषध) ७५ मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू आहे. थोडा आराम, पण गुंगीत एकदा तोल गेला. हृदयाचे ठोके अनियमित असल्याने दुसरं औषध अ‍ॅमिट्रिप्टिलिन नको म्हणाले. आता लॅमोट्रिजिनचा (फिट्सवरचं औषध) विचार आहे.

घरात कुणाला याच दुखण्यासाठी ते दिलं होतं का? फरक किती आठवड्यांनी जाणवला? आणि अंघोळ, कपडे कसे सांभाळलेत?