मदत हवी आहे: आईला स्यूडोमिक्सोमा (पोटात जेली साठवणारा कॅन्सर) निघालाय, तीन डॉक्टर तीन गोष्टी सांगतायत

नमस्कार मंडळी, मी साताऱ्यात असते, माहेर तासगाव तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग आहे. आई ५८ वर्षांची, शुगर बीपी काही नाही. दिवाळीच्या आधीपासून तिचं पोट वाढत होतं आणि हातपाय मात्र वाळत चाललेले, परकराची नाडी पुरेना म्हणून तिनं लांब नाड्या ओवून घेतल्या आणि आम्हाला सांगायची गॅस धरलाय, ओवा खाते. बागेत विरळणी, डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं) चालू, त्यामुळं दवाखाना पुढं पुढं गेला.

सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. पाणी काढायला सुई घातली तर सिरिंजमधे काही येईचना, मग जाड सुई लावली तेव्हा पिवळसर चिकट असं काहीतरी आलं, साबुदाण्याच्या लापशीसारखं. मी शेजारीच उभी होते, डॉक्टरांनी सिरिंज ट्यूबलाइटकडं धरली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले हे साधं पाणी नव्हे, सीटी करून घ्या.

सीटीत लिव्हरच्या कडेला दाबल्यासारखे खळगे, ओमेंटम (आतड्यावरचा चरबीचा पडदा) जाड, दोन्ही ओव्हरीत गाठी आणि अपेंडिक्स फुगलेलं. रक्तात सीए १२५ (कॅन्सरची एक खूण) वाढलेला म्हणून आधी सगळे ओव्हरीचा कॅन्सर धरूनच बोलत होते, पण सीईए (तशीच दुसरी खूण) पण वाढलाय आणि बायोप्सीत लो ग्रेड म्युसिनस (सावकाश वाढणारी, जेली करणारी गाठ), मूळ अपेंडिक्समधे असावं असं आलं. म्हणजे स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय.

आता खरी अडचण. एक डॉक्टर म्हणतात चौथी स्टेज आहे, ऑपरेशन नको, सलाईनमधून केमो देऊ. दुसरे म्हणतात पुढच्याच आठवड्यात पोट उघडू, निघेल तेवढी जेली काढू, ओव्हरी आणि गर्भपिशवी काढून टाकू. आणि मिरजेत भेटलेले कॅन्सर सर्जन म्हणाले की घाईनं कुणालाही पोट उघडू देऊ नका, सायटोरिडक्शन आणि हायपेक जिथं नेहमी होतं तिथंच जा, पुण्याला नाहीतर मुंबईला. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं, पोटाचे १३ भाग करतात, प्रत्येकाला रोग किती आहे त्याप्रमाणं ० ते ३ मार्क, जास्तीत जास्त ३९, त्याला पीसीआय म्हणतात, मग जिथं जिथं रोग आहे तो पडदा सोलून काढायचा, हे सायटोरिडक्शन, आणि शेवटी पोटात ४१ ते ४३ डिग्रीचं गरम केमोचं औषध तासदीड तास फिरवायचं, ते हायपेक. ऑपरेशन दहा बारा तास चालू शकतं म्हणाले. मला त्यांचं बोलणं पटलंय, पण घरी चुलते अडून बसलेत की कॅन्सरला सुरी लागली की तो पसरतो, आणि एवढं मोठं ऑपरेशन आईला झेपेल का ही धास्ती मलापण आहेच.

आईला आम्ही सगळं सांगितलंय. तिचा एकच प्रश्न, पोटाला संडासची पिशवी लावणार का. ते कुणी सांगू शकेल का? आणि ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा की सर्जनला नेमकं काय विचारायचं, खर्चाला योजना कुठं लागते. लवकर सांगा, दुसऱ्या डॉक्टरांनी तारीख दिलीय आणि ती नाही म्हणायची की हो हे मलाच ठरवायचंय.

प्रतिसाद (कराड):
ताई, ती तारीख घेऊ नका, हे आधी सांगतो. माझ्या मोठ्या बहिणीला हेच होतं, मुंबईला ऑपरेशन झालं. या आजारात पहिलं ऑपरेशनच महत्त्वाचं, अर्धवट उघडून बंद केलं की आतडी चिकटतात, रोगाच्या पेशी त्या जखमांमधे रुजतात आणि मग पुढच्या सर्जनला काम फार अवघड जातं. चुलत्यांना हेच सांगा, त्यांची भीती अर्धवट ऑपरेशनला लागू आहे. चौथी स्टेज हा शब्द ऐकून पण खचू नका, लो ग्रेड जेलीवर सलाईनची केमो फारशी चालत नाही, मुख्य इलाज ऑपरेशनच. २०१२ मधे २२९८ पेशंटचा अभ्यास आला होता, मोठ्या मोठ्या सेंटरांमधले, त्यात १० वर्षांनी ६३ टक्के लोक हयात होते. पण त्याच अभ्यासात दर चारातल्या जवळपास एकाला मोठं कॉम्प्लिकेशन झालं आणि २ टक्के दगावले, तेपण माहीत असू द्या.

सर्जनला विचारा की सीसी शून्य किंवा एक गाठता येईल का, म्हणजे डोळ्याला दिसणारा रोग शून्य किंवा अडीच मिलिमीटरच्या आत. छोटं आतडं किती मोकळं आहे ते विचारा, सगळं त्याच्यावर अडतं आणि तिथला रोग सीटीत कमीच दिसतो. ही जेली हलत्या आतड्यावर सहसा उशिरा बसते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पिशवीचं म्हणाल तर मोठं आतडं किती काढावं लागतं त्यावर आहे, लागली तरी पुष्कळांची तात्पुरती असते, काही महिन्यांनी बंद करतात, आईंना आत्ताच हो किंवा नाही सांगू नका. प्लीहा काढायची शक्यता असेल तर लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, तेपण विचारा. आणि आत्तापासून अंडी, डाळ, जे पचेल ते थोडं थोडं खाऊ घाला, अंगात प्रोटीन नसेल तर टाके भरत नाहीत.

प्रतिसाद (सांगली, लॅबमधे काम करते):
फक्त रिपोर्ट घेऊन जाऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही लॅबमधून मागून घ्या, अर्ज दिला की देतात, पेशंटचा हक्क आहे. मोठ्या सेंटरला ते परत तपासतात, लो ग्रेड की हाय ग्रेड यावर पुढचं सगळं बदलतं. सीटीची फिल्म नको, सीडी घ्या. आणि महात्मा फुले योजनेचं फोनवर विचारू नका, ज्या हॉस्पिटलला जाणार तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा हॉस्पिटलमधला माणूस) कागद दाखवा, हायपेक बसतं का ते तोच सांगेल. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर गरीब पेशंटला १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढा.

धागा लेखिका:
दोघांचे मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद चुलत्यांना वाचून दाखवला, अर्धवट ऑपरेशनचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले मुंबईला मीपण येतो. ती तारीख रद्द केली. भाऊ उद्या ब्लॉक आणायला जातोय, तोवर मी टाटाची ओपीडी बघते. कराडचे दादा, परळला तुम्ही राहायला कुठं होता? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ऐकून आहे, तिथं जागेसाठी हॉस्पिटलचं पत्र लागतं का?