शब्दचर्चा: ‘मास्क’ म्हणजे मुखवटा?

धुरा: मिसळलेले आवाज संगणकाने सुटे करण्यावरच्या एका लेखात ‘बायनरी मास्क’ला ‘द्विमान मुखवटा’ म्हटलंय. चालेल?

पऱ्हाटी: नाही. मुखवटा चेहरा झाकतो. हा मास्क म्हणजे ० आणि १ यांचा तक्ता. खंजिरी-भजनाचं रेकॉर्डिंग घ्या. ते गॅमाटोन फिल्टरांतून, म्हणजे सुरांचा एकेक पट्टा वेगळा काढणाऱ्या गाळण्यांतून जातं: बहुधा ६४ किंवा १२८, खालच्या सुरांना अरुंद, वरच्यांना रुंद, कानात असतात तसे. प्रत्येकाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे, १०-१० नं सरकत. एका फिल्टरचा एक तुकडा म्हणजे तक्त्यातलं एक घर. ज्या घरात बुवांचा आवाज वरचढ तिथं १, खंजिरी वरचढ तिथं ०. १ ची घरं ठेवायची, ० ची गाळायची.

वावर: मंग चाळणी म्हना नं भाऊ!

पऱ्हाटी: चाळणी फिल्टरला शोभते, तिची भोकं बदलत नाहीत. मास्क दर तुकड्याला बदलतो. मी ‘निवड-तक्ता’ म्हणेन. ‘मास्किंग’ मात्र निराळं, त्याला ‘दबणं’ म्हणा: एकाच पट्ट्यात मोठा आवाज बारक्याला दाबतो. बारका तसाही ऐकू येत नसतो, म्हणूनच तिथं ० टाकलं तरी फारसं बिघडत नाही.

धुरा: पण ०-१ ठरवतं कोण? हातात तर मिसळलेलाच आवाज असतो.

पऱ्हाटी: खरी मेख तीच. दोन्ही आवाज सुटे मिळाले तर तक्ता ‘आदर्श’. तो फक्त तपासणीच्या कामाचा. एरवी प्रत्येक फिल्टरमधली लहर किती वेळानं स्वतःशी जुळते ते पाहतात. २०० हर्ट्झचा सूर ५ मिलिसेकंदांनी जुळतो, तशी जुळणारी घरं एका गळ्याची. पण तो १० लाही जुळतो, म्हणून कधी कधी सूर सप्तकभर खाली धरला जातो. ‘स’, ‘श’ यांना तर सूरच नाही. त्यांची घरं खंजिरीकडे गेली की ‘सावळा’चा ‘आवळा’ होतो.

धुरा: एकदम सुरू होणारी घरं एकत्र धरली तर?

पऱ्हाटी: आपण मिसळलेले आवाज कसे सुटे ऐकतो यावरच्या, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांच्या १९९० च्या ग्रंथात ती खूण आहेच. बोलण्यात उपयोगी पडते. भजनात अक्षर अन् थाप पुष्कळदा एकदमच पडतात, तिथं ती फसवते.

वावर: अन् सुट्या केलेल्या आवाजात तो टिणटिण आवाज कायचा येते?

पऱ्हाटी: घरं एकाएकी उघडतात-मिटतात त्याचा. म्हणून ० ते १ मधले अपूर्णांक वापरतात, तो ‘रेशो मास्क’.

धुरा: मग त्यात ‘निवड’ कुठं राहिली?

पऱ्हाटी: बरोबर. त्याला ‘वाटा-तक्ता’ म्हणू: त्या घरात बुवांचा वाटा जितका, आकडा तसा.