बाबांच्या आयआरएवरचा कर: दहा वर्षांचं बंधन योग्य की अन्याय?

अनघा_५२
बाबा २०२३ मध्ये गेले, वय ७८. समसमान वाटणी म्हणून त्यांनी भावाला घर दिलं आणि मला पारंपरिक आयआरए, म्हणजे अमेरिकेतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं. दोन्हींची किंमत साधारण ४ लाख डॉलर. १९८५ मध्ये ९० हजारांना घेतलेलं ते घर भावाने लगेच विकलं आणि त्याला जवळजवळ काहीच कर लागला नाही, कारण वारशात घराची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीची धरतात. मी मात्र खात्यातून काढेन तो प्रत्येक डॉलर माझ्या पगारात मिळवला जाणार. २०१९ च्या सिक्युअर कायद्याआधी ही रक्कम आयुष्यभर थोडी थोडी काढता यायची. आता २०३३ संपायच्या आत खातं रिकामं करायचं. ऐन कमाईच्या वर्षांत हा भार टाकणं मला सरळसरळ अन्याय वाटतो.

करदाता_जुना
बाबांची आठवण आणि कराचा हिशेब एकत्र करू नका. हे पैसे भरताना त्यांनी करसवलत घेतली, पुढे ते कित्येक वर्षं कर न देता वाढले. सरकारने कर माफ केलेला नव्हता, पुढे ढकलला होता. सवलत होती म्हातारपणासाठी. ती नातवंडांपर्यंत का चालावी?

अनघा_५२
मग घराच्या ३ लाख १० हजारांच्या नफ्यावर तरी कोणी कधी कर भरला? तोही पुढे ढकललेलाच होता, आणि मृत्यूबरोबर पुसला गेला.

करदाता_जुना
मुद्दा खरा आहे. पण मग घराचा नियम बदला म्हणा. एक पळवाट आहे म्हणून दुसरी मागायची, हे मला पटत नाही.

रेखा_कॅलिफोर्निया
वाद चालू द्या, पण अनघाताई, एक गोष्ट आधी बघा. बाबांचं सक्तीने पैसे काढायचं वय उलटून गेलं होतं, म्हणून तुम्हालाही दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते. २०२४ पर्यंत आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) दंड माफ केला होता, २०२५ पासून तो लागू आहे: न काढलेल्या रकमेच्या २५ टक्के, वेळेत दुरुस्त केलं तर १०. आणि सगळं शेवटच्या वर्षावर ठेवू नका. तुम्ही एकट्याने विवरणपत्र भरत असाल आणि करपात्र उत्पन्न ९० हजार असेल, तर वर्षाला ४० हजार काढल्यावर उत्पन्नाचा वरचा थर २४ टक्के कराच्या टप्प्यात जातो. एकदम ४ लाख काढलेत तर ३५ टक्क्यांत.

करदाता_जुना
शिवाय जोडीदार, खातेदाराचं अल्पवयीन मूल, अपंग किंवा दीर्घ आजारी वारस यांना सूट आहेच. कायदा अगदीच निर्दय नाही.

अनघा_५२
सूट मिळणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. सलतंय ते वेगळंच. भावाची कमाई थोडी आहे. आयआरए त्याला आणि घर मला दिलं असतं, तर त्याच्या पैशातला बराचसा भाग १२ टक्क्यांतच बसला असता आणि घरातल्या दोघांचे मिळून हजारो डॉलर वाचले असते. बाबांनी किंमत मोजली, कर नाही. नॉमिनीचा फॉर्म १९९८ मध्ये भरलेला, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, नंतर कोणी उघडूनही पाहिला नाही.

रेखा_कॅलिफोर्निया
आमच्याकडे आईने निवृत्तीनंतर, उत्पन्न कमी असताना, दरवर्षी थोडी रक्कम रॉथमध्ये (कर आधी भरून पुढे करमुक्त काढता येणाऱ्या निवृत्ती खात्यात) वळवली आणि कर स्वतः भरला. दहा वर्षांची मुदत मलाही आहे, पण माझ्यावर कर शून्य.

करदाता_जुना
हे मात्र मला पूर्ण पटतं. कर भरला गेला, फक्त कमी दराने.

अनघा_५२
माझ्या ४०१के चा, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याचा, फॉर्म आज काढला. त्यात नॉमिनी म्हणून अजून बाबांचंच नाव आहे.