मदत हवी आहे: नेरूळच्या रो-हाऊसमध्ये आठ आजी-आजोबांसाठी घर काढायचंय

नमस्कार मंडळी. ठाण्यात तीस वर्षं स्टाफ नर्स होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. नेरूळला सिडकोच्या जागेवर आमचं रो-हाऊस आहे, भाडेकरू गेल्यापासून रिकामंच. तिथे सात-आठ वृद्धांना घरच्यासारखं राहता येईल अशी सोय करायची मनात आहे. मोठा वृद्धाश्रम नको.

कारण सांगते. सासूबाईंना विस्मरणाचा आजार होता. माझ्या नाइट ड्यूट्या, ह्यांची फिरती, म्हणून चार महिने त्यांना एका ठिकाणी ठेवलं. एकदा न कळवता गेले, तर साडेपाचलाच रात्रीची जेवणं उरकलेली आणि सासूबाईंचा डावा हात ओढणीने खाटेच्या दांडीला बांधलेला. "रात्री उठून फिरतात हो," मावशी म्हणाल्या. त्या एकट्या बावीस जणांना बघत होत्या. मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही. त्याच दिवशी सासूबाईंना घरी आणलं.

आता अडचणी. गुडघे गेलेल्यांना जिना नको आणि खाली चारच खाटा बसतात. व्हीलचेअर आणून पाहिली, ती संडासाच्या दारात अडकली. दार २४ इंच, खुर्ची २५. चौकट काढून दार ३२ इंचांचं करून द्यायला मिस्त्री तयार आहे. पण सिडकोने दिलेला जमिनीचा भाडेपट्टा राहण्यासाठीचा आहे, मग परवानगी आधी सिडकोकडे मागायची की महापालिकेकडे? ट्रस्ट करावा की माझ्याच नावावर चालवावं?

आणि खर्च. रात्री दोन माणसं जागी हवीतच, इथे मी तडजोड करणार नाही. बारा तासांच्या दोन पाळ्या म्हणजे चौघी, सुट्ट्यांना पाचवी, स्वयंपाकाला सहावी. आठ जणांच्या पैशांत सहा पगार कसे बसवता?

प्रतिसाद

ताई, आम्ही घोडबंदर रोडला बारा जणांचं घर चालवतो. जमीन सिडकोची, तेव्हा वापर बदलायचा पहिला अर्ज तिथेच. मग महापालिका, अग्निशमन. ट्रस्ट केलात तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि दरवर्षी ऑडिट आलं. पण आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी मिळाली की साठीपुढच्यांकडून राहणं, जेवण, देखभाल धरून माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. सहा पगार आठ जणांत बसत नाहीत. पहिली दोन वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच केला.

एक मात्र आधी करा. रात्री दोनलाही येईल असा जवळचा डॉक्टर ठरवून ठेवा. आमच्याकडचे पहिले आजोबा गेले तेव्हा मृत्यूचा दाखला द्यायला सकाळपर्यंत कुणी आलं नाही. मुलगा पुण्याहून पोचला आणि आमच्यासोबत जिन्यात बसून राहिला.

धागाकर्ती

डॉक्टरांचं मी धरलंच नव्हतं. उद्याच दोघांना विचारते. रविवारी तुमचं घर बघायला आले तर चालेल का? रात्रपाळी बघायची आहे, म्हणून राहायच्या तयारीने येईन.