प्रतिसाद: पगार पक्का, पण हातात किती?

‘सरकारी नोकराला कर्जाची कसली चिंता, पगार तर पक्का’ हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. पगार पक्का म्हणूनच कर्ज चटकन मिळतं आणि एकावर एक चढत जातं. परळ-लालबागला आमच्या ओळखीत बरीच घरं पालिका नाहीतर बेस्टवाल्यांची. पगारपावतीवर ढोबळ पगार भरघोस दिसतो, पण पतसंस्थेचा हप्ता, बँकेचा हप्ता वजा होऊन हातात येणारा आकडा बघवत नाही. सभासदाने लिहून दिलं असेल तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ नुसार कार्यालयाला कपात करावीच लागते.

खरा जीव जातो तो जामीनदाराचा. टेबलाशेजारचा माणूस चहा पिता पिता अर्ज पुढे करतो, नाही म्हणवत नाही. त्याने हप्ते थकवले की कपात तुमच्या पगारातून. सही करण्याआधी त्याची पगारपावती मागाच, भीड बाळगू नका.

जुन्या लोकांना निदान जीपीएफमधून, म्हणजे सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीतून, अग्रिम (उचल) काढता यायचा. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत लागलेल्या बहुतेकांना तोही आधार नाही, म्हणून ते थेट पर्सनल लोनकडे वळतात.