मदत हवी आहे: १०० जी एसआर४ लिंक अप होते, पण एरर थांबत नाहीत

रात्रपाळी:
मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझ्याकडे तोच कमी पडतोय की भानगड दुसरीच आहे, हेच कळेना झालंय.

दोन हॉलमधल्या स्विचांमध्ये इतकी वर्षं ४० जी एसआर४ (फायबरवरून चार लेनमध्ये वाटून जाणारी ४० गिगाबिटची लिंक) चालायचं, कधी कुरकूर नाही. आता स्विच बदलले आणि क्यूएसएफपी२८ चे (स्विचच्या पोर्टात बसणारे, विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणारे) १०० जी एसआर४ मॉड्यूल बसवले. केबल जुनीच: बारा कोअरचे (काचतंतूंचे) एमपीओ ट्रंक, म्हणजे एकाच कनेक्टरात सगळे कोअर असलेली मुख्य केबल, दोन्हीकडे पॅनल, पुढे पॅच कॉर्ड. लिंक चार आहेत. १ आणि २ मुकाट चालतात. ३ आणि ४ अप होतात, पिंगही जातो, पण एफईसीचा (वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचा) दुरुस्त चुकांचा काउंटर रिक्षाच्या मीटरसारखा पळतो. दिवसातून पाच-सहा वेळा दुरुस्त न झालेल्या चुकाही दिसतात. ३ तर काल दोनदा पडली.

आरएक्स पॉवर (पलीकडून येऊन पोचलेला प्रकाश), लेननुसार डीबीएममध्ये:
लिंक ३: -१.९, -२.२, -२.०, -७.८
लिंक ४: -२.१, -२.४, -१.८, -२.३

१ आणि ३ चे मॉड्यूल दोन्ही टोकांना अदलाबदल करून पाहिले. एरर ३ वरच राहिले. पुरवठादार म्हणतो, "सगळे आकडे मर्यादेत आहेत, आमचा माल ठीक." एका सहकाऱ्याचं म्हणणं, एफईसी बंद कर, काउंटर आपोआप शांत होईल. करू का?

तिसरी लेन:
बंद करू नका हो! ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार. १०० जी एसआर४ चं मानक, म्हणजे २०१५ चं ८०२.३बीएम, एफईसी धरूनच लिहिलंय. दुरुस्त झालेल्या चुका थोड्याफार असणारच, त्यांचं मनावर घेऊ नका. दुरुस्त न झालेल्या मात्र एकही नको. ४० जी एसआर४ मध्ये लेनला जेमतेम १० जी होते आणि एफईसीशिवाय काम भागायचं, म्हणून हा काउंटर तुम्हाला नवा.

पुरवठादार खोटं बोलत नाहीये. एसआर४ ची आरएक्स मर्यादा लेनला -१०.३ पर्यंत जाते, त्यामुळे -७.८ कागदावर पास. पण शेजारच्या तिघी -२ वर असताना चौथी पावणेसहा डीबी खाली का? ते मॉड्यूल बदलूनही एरर जागेवरच, म्हणजे दुखणं वाटेत आहे. ट्रंकची लांबी किती आणि ग्रेड कुठला?

रात्रपाळी:
नकाशावर सगळीकडे ओएम४ (मल्टिमोड फायबरचा ग्रेड) लिहिलंय. केबल ॲक्वा रंगाचीच आहे. लांबी कुठेच लिहिलेली नाही.

जुना जोडारी:
ॲक्वा रंगावर जाऊ नका, ओएम३ पण ॲक्वाच असते. आवरणावरची छपाई वाचा. टॉर्च तिरका धरलात की अक्षरं उठून दिसतात. तिथेच दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन टोकांचे आकडे वजा केले की लांबी हातात. त्यात पॅच कॉर्ड मिळवायला विसरू नका. ४० जी ला ओएम३ वर १०० मीटर चालायचे, १०० जी एसआर४ ला ७० च. ओएम४ वर १५० चे १०० झाले. जुनी केबल नव्या मॉड्यूलला पुरेल हे गृहीत धरण्यात भलेभले फसतात.

लिंक ३ साठी: एसआर४ मध्ये मॉड्यूलच्या तोंडाशी १ ते ४ कोअर पाठवतात, ९ ते १२ घेतात, मधले चार रिकामे. चौथी आरएक्स लेन म्हणजे तुमच्याकडचा ९ नंबर. स्कोप (कोअरचं तोंड मोठं करून दाखवणारा) लावून आधी तोच बघा. आणि पॅनलचं पुढचं तोंड पुसून थांबू नका, आतल्या बाजूला ट्रंकचं तोंड असतं तेही उघडा. एमपीओत सगळे कोअर एकाच सपाट तोंडावर असतात, एका कणाने शेजारचेही नीट टेकत नाहीत. उघड्या डोळ्यांनी आत बघू नका, ८५० नॅनोमीटरचं लेसर डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

स्विचवाली:
पोलॅरिटीचं (इकडचे पाठवणारे कोअर तिकडच्या घेणाऱ्यांना जुळतात का, त्याचं) कुणी काढण्याआधीच सांगते: केबलचा टाइप चुकला असता तर लिंक अपच झाली नसती. तिकडे वेळ घालवू नका.

रात्रपाळी:
काल रात्री दोन्ही हॉल पालथे घातले.

लिंक ३: छपाई ओएम३ (नकाशाला नमस्कार). ०४१२ ते ०४७३, म्हणजे ६१ मीटर, कॉर्ड धरून ६७. पलीकडच्या पॅनलच्या आतल्या तोंडावर, ९ ला जाणाऱ्या कोअरवरच, करड्या रंगाचा डाग होता. क्लीनरने तीनदा पुसला तेव्हा गेला. लेन आता -२.३ आणि तेव्हापासून दुरुस्त न झालेली एकही चूक नाही.

लिंक ४: हीसुद्धा ओएम३. ०११८ ते ०२०३, म्हणजे ८५, कॉर्डसकट ९१. सगळी तोंडं पुसली, एरर तसेच. पण चारही लेनला पॉवर छान आहे, मग अडतंय कुठे? आणि पॅनलमागे १२ मीटरचं वेटोळं पडलंय, ते कापून टाकू का?

तिसरी लेन:
कापलंत तर टोकाचा एमपीओ जाईल, तो जागेवर बसवणं सोपं नाही. शिवाय ९१ वजा १२ म्हणजे ७९, तरी ७० च्या वरच.

पॉवर छान दिसते कारण ९० मीटरमध्ये प्रकाश फारसा मरत नाही, जेमतेम ०.३ डीबी. मरते ती धार. मल्टिमोडमध्ये किरण वेगवेगळ्या वाटांनी जातात, काही आधी पोचतात, काही रेंगाळतात, आणि एक बिट पुढच्याच्या अंगावर सांडतो. १० जी च्या लेनवर बिट साधारण ९७ पिकोसेकंदांचा होता, तिथे हे खपून गेलं. आता तो ३९ चा आहे. पॉवरचा आकडा प्रकाश किती ते सांगतो, किती पसरलाय ते नाही.

स्विचवाली:
तूर्त लिंक ४ वर ४० जी चेच मॉड्यूल लावा. बहुतेक क्यूएसएफपी२८ पोर्ट ते घेतात, तुमच्या स्विचच्या यादीत एकदा बघून घ्या. नंतर सिंगलमोडची (प्रकाशाला एकच वाट असलेल्या फायबरची) जोडी ओढा आणि सीडब्ल्यूडीएम४ (एकाच कोअरवरून चार तरंगलांबी पाठवणारं १०० जी मॉड्यूल) घाला, २ किलोमीटरपर्यंत निवांत.

जुना जोडारी:
एका लिंकसाठी सिंगलमोड कशाला? ओएम४ चा ट्रंक ओढा, ९१ मीटर १०० च्या आत बसतात आणि हातातले मॉड्यूलही वाया जात नाहीत. फक्त जोड वाढवू नका, ओएम४ वर प्रकाशाच्या घटीत एकूण १.९ डीबीच खर्चायला आहेत.

स्विचवाली:
पुढच्या वेगाला परत हाच धागा काढायचा का मग?

रात्रपाळी:
ते भांडण तुम्ही दोघं मिटवा, मी वरिष्ठांना दोन्ही पर्याय लिहून देतो. यादी पाहिली, पोर्ट ४० जी घेतो. जुने मॉड्यूल कपाटातून काढलेत. एकाची डस्ट कॅप गायब आहे, आधी तो पुसायला घेतो.